मागच्या गोळ्यातलं तेल

सोमवार

ही वही घेतली तेव्हा पहिल्या पानावर तिच्याबद्दल काहीतरी सुंदर लिहायचं ठरवलं होतं. आता लिहायला बसलोय तर हाताला घाम सुटलाय आणि मनात सगळं तेलाचंच चाललंय.

सकाळी एक गाडी ओढून आणली गॅरेजमध्ये. दोनच सीटची, लाल, बसकी, जुन्या जमान्यातली शर्यतीची गाडी. पत्रा इतका चकाचक की मामाने जवळ जाण्याआधी हात पँटला पुसले. मामा माणसाशी हात मिळवतानाही हात पुसत नाही. तो गाडीभोवती एकदा फिरला, मागच्या चाकांपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "अर्ध्या, या गाडीत जे काही चुकेल ते आपल्या नावावर जाणार आहे. ध्यानात ठेव."

अर्ध्या म्हणजे मी. अर्धा इंजिनिअर. कॉलेज मध्येच सोडलं म्हणून. मामा आईचा सख्खा भाऊ आहे, म्हणून ऐकून घेतो. दुसरं कुणी म्हणालं असतं तर त्याच्या दिशेने पाना गेला असता. एकदा गेलाही होता.

गाडी दातांच्या डॉक्टरांची. त्यांनी आता दवाखाना बंद केलाय. काही वर्षांपूर्वी याच गाडीतून त्यांचा मुलगा आणि मुलगी घाट उतरत होते, रस्ता ओला होता, एका वळणावर गाडीचं शेपूट सुटलं आणि ती कठड्यावर आपटली. मुलीला खरचटलं. मुलाचा उजवा पाय गुडघ्यात वाकायचा बंद झाला, तेव्हापासून तो घराबाहेर पडत नाही म्हणतात. पत्र्याचं काम डॉक्टरांनी दुसरीकडून करून घेतलं. आता इंजिन आणि मागचं-पुढचं आम्ही बघायचं. पुढच्या रविवारी वर टेकडीवर जुन्या गाड्यांचा मेळा आहे. डॉक्टर म्हणाले, "गाडी मेळ्यात जाईल आणि त्याच घाटातून खाली येईल. त्याशिवाय माझ्या घराचं भूत उतरणार नाही."

"चालवणार कोण?" मामाने विचारलं.

"माझी मुलगी."

आणि तेव्हा ती फाटकातून आत आली. ती. कॉलेजात अडीच वर्षं जिच्याशी एक शब्द बोलायची छाती झाली नाही ती. मी गाडीखाली होतो. उठताना कपाळ आपटलं.


मंगळवार

ती आज पुन्हा आली. एकटी. मी "तुम्ही" म्हणालो तर म्हणाली, "तुम्ही काय रे? एकाच कॉलेजात होतो ना आपण? तूच ना तो, ड्रॉइंगचा कागद सरांच्या टेबलावर फाडून गेलास?"

तिला माहीत आहे! सगळ्या कॉलेजात तिने मला लक्षात ठेवलं!

मग गाडीकडे बघत तिने विचारलं, "अजून बरंच काम असेल, नाही?" आवाज असा हळू की मला वाटलं, हिला काम लांबावं असं वाटतंय. म्हणजे इथे यायला कारण राहील. मी म्हणालो, "माझ्यावर सोड. रविवारच्या आत एकदम तयार." ती "बरं" म्हणाली आणि बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली.

आज मागच्या गोळ्याचं तेल निवडायचं होतं. दोन्ही मागच्या चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल. वळताना बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, आतल्याला जवळचा. दोघांना आपापल्या वेगाने जाऊ देण्याचं काम हा गोळा करतो. त्यात चुकीचं तेल गेलं तर काय होतं ते मी तिच्यासमोर ऐटीत सांगितलं. चार नंबरचं तेल कुठे चालतं, पाच नंबरचं कुठे लागतं, पाच नंबरचं जुन्या गाड्यांतल्या पितळेच्या चकत्या कसं खातं, पातळ नव्वदचं केव्हा आणि जाड एकशेचाळीसचं केव्हा. फळीवरचे डबे एकेक करून तिच्या पुढ्यात ठेवले. मग गाडीबरोबर आलेलं कंपनीचं पुस्तक उघडून बोट ठेवलं. "हे. पाच नंबरचं, नव्वद. पुस्तकात लिहिलंय."

"म्हणजे नक्की?" तिने विचारलं.

"शंभर टक्के."

मामा मागून म्हणाला, "अर्ध्याचे शंभर टक्के म्हणजे पन्नास." ती हसली नाही.


बुधवार

जुनं तेल काढलं. ते काळं निघेल हे माहीत होतं. पण त्यात बारीक चमक होती, चंदेरी, अंधारात वाळू चमकावी तशी. दाते झिजले की असं होतं. पण चोळून पाहिलं तर दात्यांचा चुरा असतो तसा टोकदार नव्हता, अगदी पिठासारखा. बोटांवर पसरला आणि राहिला. मी मामाला दाखवला. तो म्हणाला, "जुनी गाडी आहे, पावडर लावणारच." आणि स्वतःच हसला.

मी नवीन भरलं. नव्वद. पुस्तकाप्रमाणे.

तरी ते पीठ बोटांवरून जाईना. साबणाने तीनदा हात धुतले.


शुक्रवार

जे झालं ते झालं तसं लिहितो.

दुपारी गाडी पहिल्यांदा चालू केली. इंजिन गोड. मामाने मला बसवलं आणि अंगणातच फिरवायला सांगितलं. सरळ गेलो, काही नाही. मागे घेतली, काही नाही. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल घ्यायला लागलो तर मागून आवाज आला. कण्हल्यासारखा. घर्र, थांबायचा, पुन्हा घर्र, आणि प्रत्येक वेळी गाडी मागून अंग झटकायची. जणू मागची दोन्ही चाकं एकमेकांना धरून बसलीयत आणि कुणीतरी जोर लावून त्यांना सोडवतंय.

चाकं सरळ केली, आवाज बंद. वळवली, आवाज चालू.

मान वर केली तर ती फाटकात उभी. चेहरा कागदासारखा पांढरा. एक हात फाटकाच्या गजावर. मी घाईघाईने हात केला, "काही नाही, नवीन तेल आहे!" तिने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. वळली आणि गेली. जवळजवळ धावत गेली.

मी तिच्यासमोर शंभर टक्के म्हणालो होतो. आता तिच्या लेखी मी थापाड्या. एवढाच विचार मी दिवसभर केला. संध्याकाळी घरी येता येता रस्त्यात पाय थबकले, कारण दुसरा विचार आला. हाच आवाज घाटात आला तर? वळणावर चाकं एकमेकांना सोडलीच नाहीत तर? रस्ता ओला असेल तर? आणि चालवणारी ती असेल तर?

घरी आलो तर आईने ताट वाढलं होतं. जेवलो नाही. ती म्हणाली, "पुन्हा कुणाशी भांडलास?" 

भांडण परवडलं असतं.


शनिवार

मामाला म्हणालो, तेल चुकलंय. मामा म्हणाला, "नवीन आहे, बसेल." मी म्हणालो, बसणार नाही. मामा म्हणाला, "मग जाड घाल. एकशेचाळीस. आवाज मरतो की नाही बघ."

"आवाज मारायचाय की दुखणं?"

"अरे शहाण्या, गिऱ्हाइकाला दुखणं ऐकू येत नाही, आवाज येतो!"

मी हातातला डबा जमिनीवर आपटला. मामाने शांतपणे उचलला, पोचा आलेला भाग अंगठ्याने बाहेर काढायचा प्रयत्न केला, आणि म्हणाला, "कॉलेजातनं असंच आपटून आलास. इथून आपटून कुठे जाणार?"

मग गोळ्यातलं तेल त्याने स्वतः बदललं. एकशेचाळीस घातलं, मधासारखं जाड. अंगणात फिरवलं. आवाज खरंच गेला. म्हणजे गेला नाही, तोंडावर उशी ठेवल्यासारखा झाला. मामाला ऐकू आला नाही. मला आला, सीटच्या तळातून, हाडांत.

डॉक्टर आले, शेजारी बसून एक फेरी मारली आणि खूश झाले. "तोंडात कवळी बसली की माणूस असाच गप्प होतो," म्हणाले. मामा मोठ्याने हसला. मीही हसलो. हसलो याचा राग अजून जात नाही.

रविवार पक्का. म्हणजे उद्याचा नव्हे, त्याच्या पुढचा.


सोमवार

ती आली. शुक्रवारबद्दल काही बोलली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मामा बाहेर होता.

"तयार नाही ना झाली अजून?"

"झाली," मी म्हणालो. "बाबा फिरवून गेले."

"आवाज?"

"गेला."

"पूर्ण?"

आता बोलायचं होतं. एक वाक्य. "पूर्ण नाही, फक्त दडलाय." पण तिच्यासमोर तोंडातून "हो" निघालं. ती माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ कुणी मुलीने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता ती काहीतरी सांगणार. तिने विचारलं, "तुला कधी एखाद्या गोष्टीची भीती वाटते का रे?"

मी म्हणालो, "मला? छे."

ती म्हणाली, "मजा आहे तुझी." आणि गेली.

हे सगळं मी इतक्या वेळा आठवून पाहिलं की आता तिचा आवाज नीट आठवत नाही. ती रोज येते. काही काम नसताना येते. आज मला भीतीबद्दल विचारलं. माणूस असं कुणालाही विचारतो का? माझ्यावर तिचा जीव आहे. असेल. आणि मी तिला कसल्या गाडीत बसवून घाटात धाडतोय?


मंगळवार

मामाने आज सांगून टाकलं. "लोक म्हणतात, तेव्हा पोरीनेच घाबरून भावाचा हात ओढला. म्हणून गाडी गेली. ती काय चालवणार घाटात? पण बाप हट्टाला पेटलाय."

मी म्हणालो, कोण लोक? नावं सांग. मामा म्हणाला, "का, सगळ्यांना मारणारेस?" मी खुर्चीला लाथ घातली. खुर्चीला काही झालं नाही. माझा अंगठा सुजलाय.


बुधवार

सकाळपासून मनात यंत्रांचे सर येतायत. तेच, ज्यांच्या टेबलावर मी कागद फाडला. त्यांच्याकडे लाकडी स्टँडवर कापून ठेवलेला एक गोळा होता, आतले दाते दिसावेत म्हणून. एकदा मला पुढे बोलावून म्हणाले, "हे चाक धर. मी हे फिरवतो. तुझं कुठे जातंय?"

"उलटं, सर."

"बरोबर. साधा गोळा असेल तर उलटं जातं. आणि ते सरळ गेलं तर?"

मग ते पुढे काहीतरी सांगत होते. पण नेमकी तेव्हा ती खिडकीबाहेरून मैत्रिणींबरोबर चालली होती. मी तिकडे बघत होतो. सरांनी सांगितलेलं अर्धंच कानात गेलं. आत काहीतरी वेगळं असतं. काय, ते तिच्या पाठोपाठ निघून गेलं.

मामा बँकेत गेला तेव्हा मी गाडीचं मागचं अंग जॅकवर घेतलं, खाली स्टँड लावले, गियर सुटा केला. डावं चाक दोन्ही हातांनी धरून फिरवलं आणि वाकून उजव्याकडे पाहिलं.

उजवं चाकही त्याच दिशेने फिरलं.

पुन्हा फिरवलं. दोन्ही बरोबर, जोडीने, एकाच दिशेने. कंपनीच्या पुस्तकात हा गोळा नाहीच! कुणीतरी तो बदललाय. मी सगळा वेळ भलत्याच गोळ्याचं पुस्तक वाचत होतो, आणि तेही तिच्यासमोर बोट ठेवून.

मामा आला. मी चाक फिरवून दाखवलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टरला सांगायचं नाही."

"काय?"

"चार दिवस राहिले. आता आपण म्हणायचं की आत काय आहे तेच आम्हाला माहीत नव्हतं? तीस वर्षांचं नाव आहे माझं." तो कोरडे हात पुन्हा पुन्हा फडक्याला पुसत होता. मामाला घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, त्याने जास्तच धडकी भरली.

आत काय आहे हे एकाच माणसाला माहीत असणार. आणि त्याच्यासमोर गाडीचा विषय काढायचा नाही असा त्या घराचा नियम आहे.


गुरुवार

गेलो.

डॉक्टर घरी नव्हते. दार तिने उघडलं. मी म्हणालो, "तुझ्या दादाला एक विचारायचंय." तिला लगेच कळलं. "नको. त्याच्यासमोर आम्ही गाडीचं नाव काढत नाही."

"मग तू रविवारी जाऊ नकोस."

"का?"

"ते मला दादालाच विचारायचंय."

माझा आवाज चढला असणार. आतून कुणीतरी म्हणालं, "कोण भांडतंय?" मी तिच्या बाजूने आत शिरलो. हे असं शिरणं बरोबर नव्हतं, पण मी अंगठा सुजलेला, झोप न झालेला माणूस होतो.

दादा खिडकीशी बसला होता. उजवा पाय सरळ पुढे, काठी भिंतीला टेकवलेली, टेबलावर उघडलेला रेडिओ. माझ्यापेक्षा फार मोठा नाही. मला वाटलं होतं, म्हातारा दिसत असेल.

मी प्रस्तावना वगैरे काही केली नाही. "गॅरेजमधून आलोय. तुमच्या गाडीच्या मागच्या गोळ्यात काय आहे?"

ती दारात उभी राहिली. दादाने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"कुणी उघडला?"

"उघडला नाही. चाक फिरवून पाहिलं. दुसरं त्याच दिशेने गेलं."

"तेल?"

"पहिलं नव्वद. पुस्तकातलं. मग मामाने एकशेचाळीस घातलं."

"आणि वळताना कण्हते."

"हो."

दादाने टेबलावरचा रेडिओ बाजूला सरकवला. मग म्हणाला, "पुस्तक मूळ गोळ्याचं आहे. हा मी बसवला. शर्यतीचा. बाबांना न सांगता. आत प्लेटा असतात, क्लचसारख्या. त्या दोन्ही चाकांना एकमेकांशी धरून ठेवतात, आणि वळताना बेताने घसरू देतात. पण त्या घसरायला तेलात एक वेगळं औषध मिसळावं लागतं. बारकी बाटली मिळते. ती नसेल तर प्लेटा पकडतात आणि सोडत नाहीत."

बोटांवरचं ते पीठ. दाते नव्हते झिजलेले. प्लेटा झिजल्या होत्या.

"तुम्ही कुठलं घातलं होतं?" मी विचारलं.

"नव्वद. पुस्तकातलं." तो हसल्यासारखा झाला. "बाटलीचं मला नंतर कळलं. इथे पडल्या पडल्या वाचलं. घाटाच्या आदल्या आठवड्यात मी स्वतः तेल भरलं. कण्हत होती. म्हटलं नवीन आहे, बसेल."

मामाचेच शब्द.

दारातून ती म्हणाली, "तोच आवाज होता. वळणाच्या आधी." तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "त्या दिवशी अंगणात ऐकला तर मला पाय उचलेना."

"तुला आला होता ऐकू?" दादाने विचारलं.

"मी त्या आवाजालाच घाबरले. म्हणून तुझा हात ओढला. म्हणून गेली ना गाडी?"

दादाने तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. "तू हात धरलास तेव्हा शेपूट सुटलेलं होतं. आपण आडवेच होतो. हे असं कुणी सांगितलं तुला?"

"सगळे म्हणतात."

"माझ्यासमोर कुणी गाडीचं नावसुद्धा काढत नाही. मला काय माहीत तू काय धरून बसलीयस?" त्याने काठी घ्यायला हात केला, ती घसरून खाली पडली. "ए, इकडे ये. तेल होतं की मी वेगात होतो, ते मला कधीच कळणार नाही. पण तू नव्हतीस."

मी जिन्यात येऊन बसलो. खोलीतून रडण्याचा आवाज आला, दोघांपैकी कुणाचा ते ओळखता आलं नाही.


शुक्रवार

मामाला सगळं सांगितलं. तो स्कूटर काढून गेला. दुपार टळून गेल्यावर आला आणि माझ्या पुढ्यात एक चिमुकली बाटली आपटली. "तीन बाजार हिंडलो. शेवटचा दुकानदार म्हणतो, हे कुणी मागतच नाही, धूळ पुसून देऊ का? म्हटलं, धुळीसकट दे."

"डॉक्टरना?"

"सांगून आलो. आधी तिथेच गेलो होतो." त्याने पाठ वळवली. "नाव गेलं तर गेलं. पोरगी जायला नको."

जाड तेल काढलं, गोळा धुतला, पुन्हा नव्वद भरलं आणि वर ती बाटली. ओतताना मामाने माझं मनगट धरलं.

ती संध्याकाळी आली. गाडीकडे नाही, सरळ माझ्याकडे.

"सोमवारी तुला भीती वाटत होती?"

"हो."

"खूप?"

"तू मरशील असं वाटत होतं. माझ्या हाताने."

"मग बोलला का नाहीस?" ती रागावली नव्हती, दमली होती. "रोज मी काय ऐकायला येत होते इथे? एकदा कुणीतरी म्हणावं, गाडी तयार नाही. मी बाबांना काय सांगणार होते, भीती वाटते? तू म्हणाला असतास तर मी सुटले असते. तू रोज म्हणायचास, रविवारच्या आत. एकदम तयार."

मागचे सगळे दिवस एकेक करून उलटे फिरायला लागले.

"रविवारी घाट नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं बाबांना. ते म्हणाले, बरं. पण गाडी मी चालवणार आहे. दादा म्हणतो, औषध प्लेटांत शिरायला मोकळ्यात आठाचा आकडा काढावा लागतो, हळू. तू येशील ना ऐकायला? तुझा कान चांगला आहे."

कान चांगला आहे, म्हणाली.


रविवार

बंद कारखान्याच्या मागचं मैदान. डॉक्टर लांब, आपल्या गाडीला टेकून उभे. मामा त्यांच्या शेजारी, दोघेही एकमेकांशी न बोलता. दादाला आत बसवायला मी पुढे झालो, पण त्याला मदत लागली नाही. असल्या गाडीत माणूस पाय लांब करूनच बसतो. तो सीटवर टेकला, न वाकणारा पाय आत सरकवला आणि म्हणाला, "या गाडीत तरी मी सगळ्यांसारखाच बसतो."

त्या शेजारच्या सीटवर मी स्वतःला कितीदा बसवलं होतं ते इथे लिहिणार नाही.

ती स्टिअरिंगवर बसली. बोटं पांढरी पडेपर्यंत पकडली. मी मधोमध उभा राहिलो. आठाची दोन वर्तुळं जिथे मिळतात तिथे.

पहिल्या वळणाला आवाज आला. घर्र. गाडी मागून झटकली. तिने गचकन ब्रेक मारला. माझ्याही छातीत कुणीतरी ब्रेक मारला. मी धावत गेलो तर दादा म्हणत होता, "येणारच पहिल्यांदा. जुना मळ आहे. तुझा नाही. चल."

ती निघाली. डावीकडे, मग उजवीकडे, माझ्या अगदी जवळून. घर्र. पुन्हा डावीकडे. घर्र, पण बारीक. मी डोळे मिटले, म्हणजे फक्त कान राहतील. टायरखाली खडे चिरडत होते. इंजिन हळू गुणगुणत होतं. ती काहीतरी म्हणत होती, दादा काहीतरी उत्तर देत होता. मग एका फेरीला आवाज कुठे येतोय ते शोधावं लागलं. पुढच्या फेरीला शोधूनही मिळाला नाही. आत काहीतरी सैल झालं होतं. दोन्ही चाकं आपापल्या वेगाने चालली होती, कुणी कुणाला ओढत नव्हतं.

डोळे उघडले तर ती गाडी माझ्याजवळ थांबवून काचेतून बघत होती. घामाने केस कपाळाला चिकटलेले. ती घाबरलेली होती, अजूनही. पण त्या शुक्रवारी फाटकात घाबरली होती तशी नाही. पाण्यात उतरलेल्या माणसासारखी.

"येतो का आवाज?" तिने विचारलं.

दादा माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं.

"अजून एक चक्कर," मी म्हणालो.

आवाज केव्हाच गेला होता.